ओ द्यायला आलेला जडेया

जडेयाला हाक मारली तर तो पहिल्या हाकेला ओ देत नसे. दुसरीलाही नाही. हातातलं काम तसंच चालू ठेवून, मान किंचित तिरकी करून तो थांबायचा आणि तिसरी हाक आली की "ओ" म्हणून शांतपणे वळायचा. पहिल्या वर्षी मला वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. पण कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथच्या आणि फाउंड्रीच्या त्या गदारोळातसुद्धा आमच्या शेडच्या पत्र्यावरून मांजर गेलं, तर वर न बघता तो बोटानं मांजराची वाट दाखवायचा.

शेवटी मी नंदक्काला म्हटलं, "त्याला विचारा की, असं का करतो."

नंदक्का म्हणजे आमची मालकीण. मूळची गडहिंग्लजची. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि रागावली की दोन्ही. तिच्या वडिलांचं तिकडं मिरचीचं दुकान होतं. तिनं मात्र कोल्हापुरात येऊन उद्यमनगरात कॉफी भाजायचा छोटा कारखाना काढला. आजूबाजूच्या लेथवाल्यांनी आधी चेष्टा केली, मग त्यांच्यातल्याच गणपा मिस्त्रीनं तिला भाजायचा ड्रम बनवून दिला. मी तिथं पॅकिंगचं बघते.

नंदक्कानं कानडीत विचारलं. जडेया पोत्याची शिवण उसवत होता. उसवता उसवताच त्यानं उत्तर दिलं.

"त्यो म्हणतोय," नंदक्का म्हणाली, "त्येंच्या रानात माणसाचं नाव घिऊन हाक मारणारं कायतरी हाय. वळखीच्या आवाजात मारतंय. बायकोच्या, भावाच्या, कुणाच्या बी. पण तिसरी हाक त्येला जमत न्हाई. तिसऱ्यांदा मारली की समजायचं, माणूस हाय."

"आणि पहिल्याच हाकेला ओ दिली तर?"

तिनं ते विचारलं. त्यानं थोडा विचार केला.

"तर जायाला लागतं, म्हणतोय."

कुठं, ते नंदक्कानं विचारलं नाही. मीही नाही. पाऊस येतोय असं सांगावं तितक्या सहज तो ते बोलला होता.

त्या दिवसापासून शेडमधले सगळे त्याला तीनदा हाक मारायला लागले. गणपा मिस्त्रीला तेवढा धीर नव्हता. तो भिंतीपलीकडून एका दमात ओरडायचा, "ओ पावणं पावणं पावणं, च्या घ्या की." जडेया नंदक्काला म्हणाला, "ही एकच हाक झाली. मधे श्वास घे म्हणावं."

तो सोलिगा आदिवासी. कर्नाटकच्या पार दक्षिणेला चामराजनगरकडे बिळिगिरीचे डोंगर आहेत, तिथल्या एका वस्तीतला. मोठ्या झाडांच्या सावलीत त्याची थोडीशी कॉफी होती. खत नाही, फवारणी नाही, फळं पिकतील तशी हातानं तोडायची. नंदक्का त्याच भागातल्या महादेश्वराच्या यात्रेला गेली होती तेव्हा परतीच्या रस्त्यावर तो मध आणि कॉफी घेऊन बसलेला तिला दिसला. तिनं मूठभर बिया नाकाला लावल्या आणि तिथंच रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसली. सगळा माल मला दे, म्हणाली. तो म्हणाला, आधी तुझं घर बघीन.

आता अशा कॉफीचं मोठं कौतुक असतं. विकत घेणारे शेतकऱ्याच्या बांधावर जातात, मजुरी कशी देतो, झाडं तोडतो का, सगळं बघतात. इथं उलटं झालं. माल पाठीवर न घेता जडेया आधी एकटाच कोल्हापूरला आला आणि त्यानं नंदक्काची तपासणी केली. शेडमध्ये फिरला. ड्रमला कान लावून बसला. ही शेड व्हायच्या आधी इथं काय होतं, इथं कोण राहतं, इथं कुणी मेलंय का, असे प्रश्न विचारले. नंदक्कानं सगळ्याची खरी उत्तरं दिली. दुसऱ्या दिवशी ड्रममध्ये बिया तडतडायला लागल्यावर तो पहिल्यांदा हसला. त्याचे दात पांढरेशुभ्र होते.

"काडु केळ्तदे," असं तो वरचेवर म्हणायचा. नंदक्का सांगायची, कानडीत ऐकणं आणि विचारणं दोन्हीला एकच शब्द आहे. रान ऐकतं म्हणा नाहीतर रान विचारतं म्हणा.

दर वर्षी तोडणी आणि वाळवणी झाली की तो स्वतः पोती घेऊन यायचा. गाडीवर माल चढवून पाठवणं त्याला पटत नव्हतं. आला की तीन-चार दिवस राहायचा, छपराखाली झोपायचा नाही, मागच्या अंगणात बदामाच्या झाडाखाली घोंगडं टाकायचा. भाकरी आवडीनं खायचा, पांढऱ्या रश्श्याकडे मात्र संशयानं बघायचा. एकदा आम्ही त्याला चपलांच्या दुकानात नेलं. कोल्हापुरी घालून तो चार पावलं चालला, ती करकर वाजली, तसा थांबला. "रानात उपयोग नाही, ही आधीच सांगून टाकते," म्हणाला. तरी एक जोड घेतला, पुतण्यासाठी. तो पोरगा मांजरासारखा मागून येऊन उभा राहतो, निदान आता कळेल तरी, म्हणाला.

नंदक्काचा भाचा संकेत पुण्याहून येऊन धंद्यात पडला, तेव्हा पाकिटाचा विषय निघाला. संकेत हुशार आणि मनानं चांगला. त्याचं म्हणणं होतं की ज्यानं पिकवलं त्याचं तोंड कुणाला दिसत नाही, नाव कुणाला कळत नाही, हा अन्याय आहे. पाकिटावर जडेयाचा फोटो आणि नाव हवं. मला ते पटलं होतं.

जडेयानं सगळं ऐकून घेतलं. "तोंड घे," तो म्हणाला, "नाव नको. नाव लिहिलं की वाचणारा ते उच्चारणार. उच्चारलं की हाक झाली. मी एवढ्या जणांना कुठं ओ देत बसू?"

संकेत हसला. नंदक्का हसली नाही. तिनं जडेयाला शब्द दिला आणि काही वर्षं पाकिटावर फक्त डोंगराचं नाव होतं.

मग नंदक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती घरी पडून होती तेव्हा पुण्यात एक मोठं प्रदर्शन होतं. संकेतनं नवी पाकिटं छापून घेतली. पुढच्या बाजूला जडेयाचा फोटो, बदामाच्या झाडाखाली काढलेला. खाली मराठीत आणि इंग्रजीत ठळक नाव. मागच्या बाजूला एक ओळ: "पहिला घोट घेताना मोठ्यानं म्हणा, थँक यू, जडेया."

लोकांना ते फार आवडलं. पुण्यात संपली, कोल्हापुरातही भराभर गेली. घराघरातून व्हिडिओ यायला लागले. कपबशी हातात घेऊन नवरा-बायको, पोरं, मित्रमंडळी एका सुरात म्हणतायत, थँक यू, जडेया. संकेतनं ते मोबाईलवर नंदक्काला दाखवले. तिनं एक बघितला, दुसरा बघितला, आणि मोबाईल पालथा ठेवला.

"परत आण सगळी," ती म्हणाली.

"मावशी, त्याला मान मिळतोय."

"त्यानं मागितलाय का?"

पण विकलेलं परत कसं आणणार?

थोड्याच दिवसांत जडेयाच्या पुतण्याचा फोन आला. काका कामाला जात नाही, म्हणाला. उंबऱ्यात बसून असतो. सगळीकडून हाका येतात म्हणतो. बायकांच्या, पोरांच्या, आम्हाला न कळणाऱ्या बोलीतल्या. आणि सगळ्या एकदाच येतात. आमच्या डोंगरात हत्ती आहेत, पुतण्या म्हणाला, कुणी हाक मारली तर ऐकावी लागते, जीव त्याच्यावर असतो. आता काकाला खरी कुठली आणि खोटी कुठली तेच कळेना. परवा ओढ्यापलीकडे सापडला. कसा गेला ते त्यालाच ठाऊक नाही.



त्यानंतरच्या आठवड्यात, सुगीचे दिवस नसताना, एका सकाळी शेडच्या दारात जडेया उभा होता. पाठीवर पोतं नव्हतं. गालफडं बसली होती. मी "या" म्हणाले, तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी खरी आहे का याची खात्री करून घेतोय.

"कशाला आलास बाबा एवढ्या लांब?" नंदक्कानं विचारलं.

"ओ द्यायला," तो म्हणाला.

संकेतनं गाडी काढली. नंदक्का पुढं बसली, मी आणि जडेया मागं. तो काच खाली करून बसला आणि बोटानं वाट दाखवायला लागला. याआधी त्यानं आमची शेड, बसस्थानक आणि ते चपलांचं दुकान, एवढंच कोल्हापूर बघितलं होतं. राजारामपुरीच्या एका गल्लीत त्यानं थांबायला सांगितलं. उतरून एका फाटकासमोर उभा राहिला. आतून एक बाई आली, कोण पाहिजे म्हणाली. जडेया हात जोडून म्हणाला, "ओ."

बाई गोंधळली. मग तिनं त्याला ओळखलं. "अहो, हे तर पाकिटावरचे." आतून पाकीट आणलं, नवऱ्याला बोलावलं, फोटो काढला. नंदक्कानं रिकामं झालेलं पाकीट मागून घेतलं.

दिवसभर हेच चाललं होतं. रुईकर कॉलनी, नागाळा पार्क, परत राजारामपुरी. तो ज्या दारासमोर थांबला त्या दारात पाकीट निघालं. कुठं लोक हसले, कुठं चहा पाजला, एका घरात एक बाप आपल्या मुलीला जवळ ओढून दार लावून घेऊ लागला तेव्हा संकेतनं पुढं होऊन समजावलं. जडेया दर ठिकाणी एवढंच म्हणायचा, ओ. म्हटलं की त्याच्या खांद्यावरचं काहीतरी उतरायचं.

मी मनाशी म्हणत होते, अशा वस्त्यांत चार घरांमागं एका घरात आमची कॉफी असणारच. मग आम्ही माझ्या मैत्रिणीच्या घरावरून निघालो. तिनं माझ्यासमोर पाकीट घेतलं होतं, मला पक्कं ठाऊक होतं. जडेयानं बोट दाखवलं नाही. मीच गाडी थांबवायला लावली. तो उतरला, मान तिरकी करून उभा राहिला, आणि मानेनंच नाही म्हणाला. मी बेल वाजवली. मैत्रीण म्हणाली, "आहे की. दिरांना द्यायचं म्हणून कपाटात ठेवलंय. कागदातनं बाहेरसुद्धा काढलं नाही बघ."

मी परत गाडीत येऊन बसले. संकेतनं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि त्यानंतर जडेया बोट दाखवील तिथं तो लगेच गाडी थांबवायला लागला.

पुण्याच्या पाकिटांचं काय, असं नंदक्कानं विचारलं. तिथल्या हाका आता येत नाहीत, तो म्हणाला, ती माणसं एकदा म्हणाली आणि विसरली. इथल्याही बऱ्याचशा विझल्या होत्या. एकच राहिली होती. ती रोज यायची, दिवे लागायच्या वेळेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही ताराबाई पार्कात एका बंगलीसमोर थांबलो. घरातल्या सूनबाईंनी दार उघडलं. जडेयाला बघून त्यांचा चेहरा बदलला. हसल्या नाहीत, फोटो काढला नाही. दार धरून तशाच उभ्या राहिल्या.

"हे खरंच आहेत होय?" त्या हळूच म्हणाल्या. "आत या. पण आवाज करू नका."

आत जेवणाच्या टेबलाशी एक म्हातारी बसली होती. या त्यांच्या सासूबाई, इंदूकाकी. पांढरंशुभ्र पातळ, नीट विंचरलेले केस. समोर पाण्याचा तांब्या, आणि त्याला टेकवून आमचं पाकीट उभं केलेलं, फोटो तिच्याकडे तोंड करून. टेबलावर दोन ताटं होती. दुसरं ताट पाकिटासमोर.

सूनबाई कुजबुजल्या, "दोन वर्षं झाली, आईंना काही आठवत नाही. मला ओळखत नाहीत, ह्यांनाही नाही. वाचता मात्र येतं. हे पाकीट आणलं आणि त्यांनी ते नाव वाचलं. तेव्हापासून हे त्यांचा कोणीतरी झालेत. भाऊ म्हणतात कधी, कधी नुसतं 'आमचा' म्हणतात. पाकीट लपवून ठेवलं तर जेवत नाहीत."

तेवढ्यात इंदूकाकींनी हाक मारली. आवाज बारीक पण स्पष्ट होता. "जडेया, ये रे. ताट वाढलंय."

जडेया भिंतीला टेकून उभा होता. हलला नाही. मी त्याच्याकडे बघितलं, त्याची मान तिरकी झाली होती.

इंदूकाकी थांबल्या. दाराकडे बघत राहिल्या. मग परत म्हणाल्या, "जडेया, निवतंय रे."

परत थांबल्या. इतका वेळ गेला की मला वाटलं, विसरल्या. सूनबाईंनी पदर तोंडाला लावला होता. मग अगदी शांतपणे, कसलीच घाई नसलेल्या आवाजात, त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या, "जडेया."

"ओ," तो म्हणाला आणि पुढं झाला.

त्यांना नवल वाटलं नाही. "आलास? हात धू," म्हणाल्या.

त्यानं हात धुतले आणि ताटावर बसला. त्या मराठीत बोलत होत्या, तो मधूनमधून कानडीत उत्तर देत होता. नंदक्का भाषांतर करायला पुढं झाली, पण दोघांनीही तिच्याकडे लक्ष दिलं नाही. आमटी-भात, भाकरी, वांग्याची भाजी, त्यानं सगळं संपवलं. इंदूकाकी त्या दिवशी पोटभर जेवल्या, असं सूनबाई म्हणाल्या.

निघताना नंदक्कानं त्याला विचारलं, ते पाकीट मागून घेऊ का. एवढंच राहिलं होतं. ते घेतलं की त्याची सुटका होती. सूनबाई समोर उभ्या होत्या. त्यांना कानडी कळत नव्हती, पण काय चाललंय ते कळत होतं.

जडेया म्हणाला, "राहू दे. बाकीचे हाक मारतात आणि वाट बघत नाहीत. ही बघते."

"पण तिकडं रानात काय करणार? हत्ती हाईत, वढा हाय."

"ओळखीन," तो म्हणाला.

गोळा केलेली पाकिटं त्यानं अंगणात बदामाखाली जाळली. राख निवेपर्यंत तिथून उठला नाही. संकेत त्याच्याजवळ जाऊन बसला होता. मी चांगलं करायला गेलो होतो, असं तो म्हणाला आणि नंदक्कानं ते कानडीत सांगितलं. जडेयानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

पुढच्या सुगीला तो आला नाही. पोती आली, ती गाडीवर घालून पुतण्यानं पाठवली होती. मग त्यानं फोन केला. काका एका संध्याकाळी घरात बसला होता, म्हणाला. दिवे लागले तसा उठला. कुठं निघालास असं विचारलं तर म्हणाला, जेवायला बोलावलंय. शेजारच्या घरी जात असेल असं आम्हाला वाटलं. हात धुऊन गेला. वस्तीतल्या सगळ्यांनी शोधलं, जंगल खात्याचे लोक आले, ओढ्याच्या दोन्ही बाजूंनी फिरले. हत्तींच्या पावलांच्या खुणा होत्या, पण त्या तिथं नेहमीच असतात. बाकी काही सापडलं नाही.

नंदक्कानं त्या दिवशी ड्रम पेटवला नाही.

आम्ही ताराबाई पार्कात जायचं टाळत होतो. शेवटी सूनबाईंनीच बोलावलं. म्हणाल्या, आई आता हाक मारत नाहीत. जेवायला बसल्या की समोरच्या ताटाकडे बघून बोलत राहतात. काय बोलतात ते आम्हाला कळत नाही, अक्कांना कळेल कदाचित.

आम्ही गेलो. संध्याकाळ व्हायची होती, तरी घरात दिवे लावलेले होते. नंदक्का स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. आतून इंदूकाकींचा बारीक आवाज येत होता. जन्म सगळा कोल्हापुरात गेलेली बाई. नंदक्का ऐकत होती. तिनं चौकटीला हात लावला, मग दुसरा हात लावला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कानडी?"

"कानडीच. पण माझी न्हवं. तिकडची, डोंगरातली."

"काय म्हणतायत?"

"कॉफीला फुलं आली का, इचारतीय. मग गप बसतीय. आणि मग 'बरं झालं' म्हणतीय."

पाकीट टेबलावरच होतं का, असं मी विचारलं. नंदक्का म्हणाली, मी तिकडं बघितलं न्हाई.

मला आठवतो तो बसस्थानकावरचा जडेया. राख निवली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. नंदक्काचा गुडघा दुखत होता म्हणून मीच त्याला सोडायला गेले होते. बस लागली होती. कंडक्टर दारात उभा राहून संकेश्वर, बेळगाव, हुबळी असं ओरडत होता. जडेया खिडकीशी बसला, पाय वर घेऊन, मांडीवर पिशवी. त्याच्यापुढच्या सीटवर एक बाई कडेवरच्या मुलाला केळं भरवत होती आणि ते मूल मागं वळून त्याच्याकडे टक लावून बघत होतं. त्यानं मुलाला जीभ काढून दाखवली. मूल हसलं. त्यानं परत दाखवली.

आमची दोघांची भाषा एक नव्हती. जाताना काय बोलायचं ते मला सुचलं नव्हतं. बस मागं सरकायला लागली तेव्हा सुचलं, निदान नाव घेऊन नीट जा म्हणावं. तो मुलाशी खेळण्यात दंग होता, त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. एक हाक मारली असती तर पुरली नसती, तीन मारायला वेळ होता. माझ्या तोंडात नाव आलंही होतं.

मी हात वर केला आणि तसाच धरून उभी राहिले. बस वळून रस्त्याला लागली.